वाफ्यातलं लोणी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)



कवी रेडिओवर आला की तो कविता ऐकवणार, अशी आपली समजूत असते. काही श्रोत्यांचा हात रेडिओच्या बटणाकडे गेलाही असेल. पण थांबा. आज मी कविता ऐकवणार नाही. आज मी एका पालेभाजीबद्दल बोलणार आहे. तिचं नाव बटरहेड लेट्यूस. बटर म्हणजे लोणी आणि हेड म्हणजे डोकं. कोबीच्या डोक्याला आपण गड्डा म्हणतो, म्हणून मी तिला लोण्याचा गड्डा म्हणतो. मिरजेत आमच्या घरामागे ८ फूट लांब आणि ४ फूट रुंद अशी काळ्या मातीची पट्टी आहे. दर हिवाळ्यात तिथे ही भाजी येते.

लेट्यूस हे नाव आता आपल्या कानावरून गेलेलं आहे. बर्गरमध्ये जे कुरकुरीत, पांढुरकं पान घालतात ते लेट्यूसच. पण ती आइसबर्ग जात. लेट्यूसचे मुख्य चार प्रकार आहेत. एक आइसबर्ग, कोबीसारखा घट्ट. दुसरा रोमेन, उभ्या लांब पानांचा. तिसरा सुट्ट्या झालरदार पानांचा, त्याला गड्डा धरतच नाही. चौथी आपली बटरहेड. हिचा गड्डा सैल, गुलाबाच्या अर्धवट उमललेल्या फुलासारखा. बाहेरची पानं पोपटी, आतली फिकट पिवळी. बोटात धरलं तर पान रेशमासारखं लागतं, आणि तोंडात टाकलं तर चावायच्या आधीच विरघळतं.

हा मऊपणाच तिच्या आड येतो. आइसबर्गचे गड्डे खोक्यात भरून दूरच्या शहरात पाठवता येतात. बटरहेडचं पान मात्र हाताच्या दाबानं काळवंडतं. ट्रकमधला धक्का तिला सोसत नाही, मंडईतल्या ढिगाखाली ती दबून जाते. मोठ्या शहरांत पंचतारांकित हॉटेलांसाठी आणि मॉलसाठी ती प्लॅस्टिकच्या डब्यात बसून येते, तेव्हा तिची किंमत पाहून आपण हात मागे घेतो. आपल्या तालुक्याच्या बाजारात ती दिसायचं कारणच नाही. म्हणजे तुम्हाआम्हाला ती खायची असेल तर एकच रस्ता उरतो. दारात लावायची आणि तोडल्यावर तासाभरात खायची.

तुम्ही म्हणाल, एवढी परदेशी चैन कशाला? आपल्याकडे मेथी, चुका, चाकवत काय कमी आहेत? प्रश्न रास्त आहे. पण ही भाजी वाटते तितकी परकी नाही. शाळूच्या रानात, विहिरीच्या पाटाकडेला, बांधाला एक रानभाजी उगवते. तिला पाथरी म्हणतात. जमिनीला चिकटून पसरलेली दातेरी पानं, पिवळं फूल, आणि पान तोडलं की पांढरा चीक. भांगलायला गेलेल्या बाया दुपारी भाकरी सोडतात आणि शेजारची पाथरी उपटून, झटकून, मिठाशी कच्चीच खातात. ही पाथरी आणि लेट्यूस एकाच कुळातल्या, अगदी जवळच्या बहिणी. सूर्यफूल, शेवंती, झेंडू आणि आपली करडई हेसुद्धा त्याच मोठ्या घराण्यातले. करडईच्या कोवळ्या पाल्याची भाजी आपण करतोच.

लेट्यूसचं लॅटिन नाव लॅक्टुका. 'लॅक' म्हणजे दूध, तिच्या चिकावरून पडलेलं नाव. फारसीत तिला काहू म्हणतात. आमच्या गल्लीतल्या अत्तारांच्या दुकानात लाकडी खणावर 'तुख्मे काहू' अशी चिठ्ठी असायची. तुख्म म्हणजे बी. युनानी हकीम डोकेदुखीवर आणि झोपेसाठी काहूचं बी देत, त्याचं तेल टाळूला चोळायला सांगत. त्या बियांनी झोप खरंच लागते का, याची ग्वाही मी देणार नाही, ते डॉक्टरांनी सांगावं. पण नाव जुनं, ओळख जुनी. इराणमध्ये नवरोजनंतर तेराव्या दिवशी लोक घराबाहेर, हिरवळीवर जेवायला जातात. तेव्हा काहूची पानं सिकंजबीनमध्ये बुडवून खायची रीत आहे. सिरका म्हणजे व्हिनेगर आणि अंगबीन म्हणजे मध, त्या दोघांचं ते पेय. उत्तर हिंदुस्थानातली शिकंजी ही त्या सिकंजबीनचीच नात.

त्याहीआधी इजिप्तमध्ये सुमारे ४ हजार वर्षांपूर्वीच्या मंदिरांच्या भिंतींवर मिन नावाच्या देवाशेजारी लेट्यूसची उंच रोपं कोरलेली आहेत. रोममध्ये तर अशी कथा होती की सम्राट ऑगस्टस आजारी पडला तेव्हा त्याच्या वैद्यानं त्याला लेट्यूस खायला घालून बरं केलं. आपण एवढ्या मोठ्या गोष्टी करायला नकोत. मी माझ्या घरातली गोष्ट सांगतो.

माझी अम्मी आता ८३ वर्षांची आहे. दात कधीच गेले. कवळी आहे, पण ती डबीत असते, टोचते म्हणून. वरण, मऊ भात, दुधात कुस्करलेली भाकरी, शिजवून गाळ केलेल्या भाज्या, असं तिचं जेवण. दात गेलेल्या माणसाचं नेमकं काय जातं, हे आपल्या लक्षात येत नाही. त्याच्या ताटातून कच्चं सगळं निघून जातं. काकडी गेली, गाजर गेलं, मुळा गेला, कांद्याची पात गेली. ताजं, गार, रसरशीत असं काही तोंडात येतच नाही. अम्मीनं तरुणपणी दुसऱ्यांच्या रानात भांगलण केलेली. बटरहेडचं पहिलं आतलं पान मी तिच्या हातात दिलं, तेव्हा तिनं ते उलटंसुलटं करून पाहिलं, देठ मोडून चीक पाहिला, हिरड्यांनी चघळलं आणि म्हणाली, "ये तो पाथरीच हाय रे. शहर में जा को शिकेली पाथरी." त्या दिवशी तिनं सहा-सात पानं खाल्ली. तेव्हापासून आमच्या घरात हिवाळ्यातली ही पट्टी चैनीची राहिली नाही.

आता लावायचं कसं, ते सांगतो.

पहिली गोष्ट हंगाम. ही थंडीची भाजी आहे. १५ ते २० अंश तापमान तिला मानवतं. म्हणून आपल्याकडे ऑक्टोबरची उष्मा ओसरली, दिवाळी आटोपली, की बी टाकावं. जानेवारीअखेरपर्यंत टाकत राहावं. सगळं बी एकदम टाकू नये. एक ग्रॅम बियांत हजाराच्या आसपास दाणे असतात. सगळे लावले तर एकाच आठवड्यात ढीगभर गड्डे तयार होतील आणि आपण गल्लीत वाटत फिरू. दर पंधरा दिवसांनी चिमूटभर टाकावं, दहा-बारा रोपं पुरेत. म्हणजे डिसेंबरअखेरपासून मार्चपर्यंत ताटात पान राहतं.

वाण विचारून घ्यावा. बटरहेडमध्ये 'बटरक्रंच' नावाचा वाण अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात तयार झाला आणि १९६३ साली तिकडच्या निवड स्पर्धेत मानकरी ठरला. इतर बटरहेडच्या मानानं तो उन्हाला जरा जास्त टिकतो, म्हणून आपल्या भागात बरा. कुंडीत लावायचं असेल तर 'टॉम थम्ब' हा मुठीएवढा वाण आहे.

दुसरी गोष्ट बी पेरण्याची, आणि इथेच पुष्कळांची निराशा होते. मेथी-कोथिंबिरीच्या सवयीनं लोक बी मातीत खोल गाडतात आणि मग "बी खराब निघालं" म्हणतात. लेट्यूसच्या बियांना उगवायला उजेड लागतो. ओलसर मातीवर बी पसरावं, वरून बारीक चाळलेलं गांडूळखत नुसतं भुरभुरावं, बोटानं हलकं दाबावं. बस्स. पाणी झारीनं किंवा फवाऱ्यानं.

या उजेडाची एक हकीकत ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल इथल्या केंद्रात हॅरी बॉर्थविक, स्टर्लिंग हेंड्रिक्स आणि त्यांचे सहकारी याच लेट्यूसच्या बियांवर प्रयोग करत होते. ओल्या बियांवर तांबडा प्रकाश टाकला की बी उगवायचं. त्यानंतर डोळ्यांना जेमतेम दिसेल असा गडद, पलीकडचा तांबडा प्रकाश टाकला की उगवण थांबायची. पुन्हा तांबडा टाकला की पुन्हा उगवायचं. कितीही वेळा आलटून पालटून टाका, शेवटचा प्रकाश कोणता होता त्यावर निकाल ठरायचा. हा शोध १९५२ साली प्रसिद्ध झाला आणि त्यातून पुढे फायटोक्रोम हे वनस्पतींचं प्रकाश ओळखणारं द्रव्य सापडलं. याचा अर्थ सोपा आहे. दाट झाडाची पानं तांबडा प्रकाश स्वतः गिळतात, त्यांच्याखाली पोहोचतो तो पलीकडचा. बियाला कळतं, की आपल्या डोक्यावर कुणीतरी मोठं उभं आहे, इथे उगवून आपल्याला ऊन मिळणार नाही. मग ते वाट पाहतं. राईहून हलक्या दाण्याला एवढं कळतं, हे वाचलं त्या दिवशी मला कविता सुचली नाही. मी नुसताच गप्प बसून राहिलो.

बी उष्णतेलाही भितं. माती ३० अंशांच्या आसपास तापली की ते झोपी जातं, आणि नंतर गारवा आला तरी लवकर जागं होत नाही. त्यावर घरगुती उपाय आहे. बी ओल्या फडक्यात गुंडाळून वाटीत ठेवावं आणि ती वाटी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात एक-दोन दिवस ठेवावी. बर्फाच्या कप्प्यात नव्हे. मग संध्याकाळी पेरावं आणि ट्रे घरातल्या गार, उजेडाच्या जागी ठेवावा. चार-पाच दिवसांत हिरवे ठिपके दिसतात.

तिसरी गोष्ट वाफा. आमच्याकडची कृष्णाकाठची काळी माती पाणी धरून ठेवते, आणि लेट्यूसला पाय ओले ठेवून उभं राहायला आवडत नाही. म्हणून वीतभर उंच गादीवाफा करावा. त्यात पूर्ण कुजलेलं शेणखत, गांडूळखत आणि थोडी वाळू मिसळावी. 'पूर्ण कुजलेलं' यावर मी जोर देतो. ही भाजी आपण कच्ची खाणार आहोत. ताजं शेण, सांडपाणी, गटाराचं पाणी हिच्या वाऱ्याला नको. शहरांच्या कडेला सांडपाण्यावर पिकवलेल्या पालेभाज्या आपण शिजवून खातो म्हणून निभतं. कच्च्या पानाला ती सवलत नाही. आपल्या वाफ्याला कोणतं पाणी घातलं हे आपल्याला माहीत असतं, घरच्या भाजीचा खरा फायदा हाच.

रोपं तीन ते चार आठवड्यांची झाली, त्यांना चार-पाच पानं आली, की संध्याकाळी लावावीत. दोन रोपांत ८ ते १० इंच अंतर. रोपाचा मधला डोळा मातीच्या वर राहिला पाहिजे, तो पुरला तर कुजतो. जागा सकाळच्या उन्हाची हवी. दुपारी एकनंतर भिंतीची किंवा शेवग्यासारख्या विरळ झाडाची सावली मिळाली तर उत्तम. नाहीतर हिरवी जाळी बांधावी. आमच्या पट्टीवर दुपारी शेजारच्या घराची सावली पडते. तिथे टोमॅटो कधी नीट आला नाही, लेट्यूस मात्र खुशीत असते. एकाची अडचण ती दुसऱ्याची सोय.

पाण्याचं म्हणाल, तर हिची मुळं वरच्या फूटभर मातीतच असतात. म्हणून थोडं थोडं, पण नेमानं. मातीत बोट घालावं. पहिलं पेर कोरडं लागलं की पाणी. पाणी सकाळी, बुडाशी द्यावं. वाळलेल्या पाल्याचं किंवा उसाच्या पाचटाचं आच्छादन घातलं की निम्मं काम कमी. चार दिवस विसरायचं आणि पाचव्या दिवशी वाफा तुंबवायचा, असं केलं तर आतल्या कोवळ्या पानांच्या कडा करपून तपकिरी होतात. लोक त्याला रोग समजून औषध मारतात. खरं कारण असं, की कॅल्शियम पाण्याबरोबर पानाच्या टोकापर्यंत जातं. पाण्याची लय बिघडली की आतल्या पानाला ते पोहोचत नाही, मातीत भरपूर असलं तरी.

शत्रू दोन. एक मावा, तो पानाच्या मागे आणि गड्ड्याच्या आत बसतो. आठवड्यातून एकदा पान उलटून पाहावं. सुरुवातीलाच पाण्याच्या फवाऱ्यानं धुऊन काढावा, हटला नाही तर निंबोळी अर्क. दुसरा शत्रू गोगलगाय, शंखाची आणि बिनशंखाची. रात्री ओलं गोणपाट वाफ्याजवळ टाकून ठेवावं. सकाळी त्या सगळ्या त्याखाली जमलेल्या सापडतात. उचलाव्यात आणि साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. विषारी औषध या भाजीवर मारू नये, कारण साल सोलून टाकता येत नाही आणि शिजवायचीही नाही.

पेरल्यापासून साधारण ६० ते ७० दिवसांत गड्डा तयार होतो. हातानं हलकं दाबून पाहावं, मधे भरीवपणा लागला की तयार. पहाटे किंवा सकाळी काढावा, तेव्हा पानात पाणी भरलेलं असतं. आणि सगळा गड्डा काढायलाच हवा असं नाही. रोज बाहेरची दोन-दोन पानं घेतली तरी झाड आठवडे पुरतं. गड्डा काढताना बुंधा इंचभर ठेवला तर पुन्हा लहान पानं फुटतात.

पानं दोन-तीन पाण्यांतून धुवावीत, निथळावीत, ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवावीत. सफरचंद, केळी यांच्याजवळ ठेवू नयेत. पिकत्या फळांतून इथिलीन वायू निघतो, त्यानं पानावर तपकिरी डाग पडतात.

खायचं कसं? लिंबू, शेंगदाण्याचं तेल, चिमूटभर साखर, वर दाण्याचं कूट. मीठ अगदी ताटावर बसल्यावर घालावं, आधी घातलं तर पान मान टाकतं. भाकरीवर ठेचा लावून वर पान ठेवून गुंडाळी करा. शामी कबाब भाकरीऐवजी या पानात गुंडाळून पाहा. २०२५ साली रमजान मार्चच्या सुरुवातीला आला होता, आणि दरवर्षी तो दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. म्हणजे सध्याची काही वर्षं इफ्तारच्या ताटाला या वाफ्याची साथ आहे. दिवसभराच्या रोजानंतर खजुराबरोबर हे गार पान, ज्यात ९५ टक्के पाणीच असतं, कसं लागतं ते शब्दांत सांगायला कवीही अपुरा पडतो. भोगीच्या दिवशी शेजारच्या वहिनी आमच्याकडून दोन गड्डे नेतात. भोगीच्या भाजीत हे बसत नाही, हे त्यांनाही माहीत आहे. त्या भाकरीबरोबर कच्चं वाढतात, आणि आमच्याकडे तिळाची बाजरीची भाकरी येते. एक सूचना मात्र करतो. या पानात के जीवनसत्त्व असतं. घरातल्या वडीलधाऱ्यांना रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारून, ठरलेल्या प्रमाणातच द्यावं.

होळीच्या सुमाराला ऊन वाढतं, दिवस मोठा होतो. मग कांद्याला डेंगळे येतात तसा लेट्यूसच्या मधून दांडा उठतो. चीक वाढतो, पान कडू होतं. तेव्हा हट्ट करू नये. उन्हाळ्यात त्या वाफ्यात तांदुळजा आणि पोकळा लावावा, तो त्यांचा ऋतू आहे. फक्त एक चांगलं, सर्वांत उशिरा दांडा काढणारं झाड राखावं. ते कमरेएवढं वाढतं, पिवळी बारीक फुलं येतात. एकेक फूल एक सकाळ उमलतं आणि मिटतं. परागीभवन फुलातल्या फुलात होतं, म्हणून घरच्या बियांतून तोच वाण परत येतो. दोन-तीन आठवड्यांनी बोंडांवर पांढरे केस दिसले की कागदी पिशवीत झटकून घ्यावं. एका झाडाचं बी चार घरांना पुरतं. कोरड्या बाटलीत, गार जागी, तीन वर्षं टिकतं.

शेवटी, ज्यावाचून हे सगळं व्यर्थ आहे ती गोष्ट. जमीन. आमच्या गल्लीत मागच्या काही वर्षांत एकेक परसू झाकलं गेलं. कुठे फरशी, कुठे सिमेंटचे ठोकळे. कारणं खोटी नसतात. चिखल होतो, साप निघतो, गाडी लावायला जागा नाही. आमच्या घरातही हा विषय निघाला. मुलाला दोन गाड्यांसाठी जागा हवी होती, आणि त्याची गरज खरी होती. दोन दिवस घरात बोलणी चालली. अम्मी मधे पडली नाही. तिनं एवढंच विचारलं, की फरशी घातल्यावर ती कधी काढतात का? कुणाला उत्तर देता आलं नाही, कारण आमच्या गल्लीत घातलेली फरशी पुन्हा काढून कुणी माती उघडी केल्याचं कुणालाच आठवेना. अखेर पुढच्या भागात फरशी झाली, मागची ८ बाय ४ची पट्टी राहिली. गाड्या जरा चिकटून उभ्या राहतात, एवढंच.

तुमच्याकडे पट्टी नसेल तर वीतभर खोल पसरट कुंडी चालते, फुटक्या टबाला खाली भोकं पाडून तो चालतो, गच्चीचा सावलीचा कोपरा चालतो. पण मातीची पट्टी असेल आणि तिच्यावर फरशीचा बेत चालला असेल, तर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारून घ्या, त्याला शेवटचं कच्चं पान खाऊन किती वर्षं झाली. मग दिवाळीनंतर चिमूटभर बी टाका. खोल गाडू नका, त्याला उजेड हवा असतो.